पैसा, प्रकृती आणि प्रवास: अडचण ओळखून घरच्या अन्नाची आखणी कशी करावी

एखाद्या घरात ताज्या भाज्या कमी आणि पाकीटबंद पदार्थ जास्त येऊ लागले की त्या घराला आहाराचे महत्त्व पटवून देण्याची घाई सगळ्यांनाच होते. प्रत्यक्षात बहुतेक घरांना काय खावे हे चांगले ठाऊक असते. ते परवडत नाही, शिजवायला अंगात बळ नसते किंवा आणायला जाणे जमत नाही, इतकेच. १९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या मान्य केली, तिच्यात अन्न पुरेसे, सुरक्षित आणि पोषक असावे एवढेच म्हटलेले नाही, तर ते सर्वांना सर्वकाळ प्रत्यक्ष आणि आर्थिकदृष्ट्या आवाक्यात असावे असेही म्हटले आहे. घरच्या अन्नाची आखणी करताना नेमका हा आवाक्याचा भाग आधी तपासायचा असतो. पुढील पद्धत घर चालवणाऱ्या माणसासाठी आहे, तशीच एखाद्या नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला मदत करू पाहणाऱ्यासाठीही आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. पैसा, प्रकृती आणि प्रवास या तीन अडचणी क्वचितच सुट्या येतात. बहुधा एक दुसरीला ओढून आणते आणि वरवर पाहता भलतीच अडचण डोळ्यांत भरते. पैशाची वाटणारी चणचण मुळात गुडघेदुखीची असू शकते आणि आळस वाटणारी गोष्ट मुळात बसच्या वेळापत्रकाची असू शकते. म्हणून पदार्थांची यादी बदलण्याआधी साखळीतील पहिली कडी कोणती, हे शोधणे आवश्यक आहे.

आधी नोंद, मग निर्णय

नोंद एका आठवड्याची ठेवून भागत नाही, कारण उत्पन्न हाती येण्याच्या दिवसापासून पुढचे उत्पन्न येईपर्यंत घरातील ताट सारखे राहत नाही. ज्यांना महिन्याला पगार मिळतो त्यांनी पूर्ण महिन्याची नोंद ठेवावी; ज्यांचे उत्पन्न रोजचे किंवा अनियमित आहे त्यांनी निदान दोन बऱ्या आणि दोन ओढाताणीच्या आठवड्यांची ठेवावी. साधी वही पुरते. तिच्यात केवळ खर्च लिहू नये, कारण खर्चाच्या वहीत न आणलेल्या वस्तू कधीच दिसत नाहीत. काय आणले, कोणी आणि कशाने जाऊन आणले, काय आणायचे राहून गेले आणि का, कोणी शिजवले, काय फेकावे लागले, आणि त्या दिवशी घरात कोणी कमी खाल्ले, एवढे दररोज दोन-तीन ओळींत लिहावे.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. घरात अन्न अपुरे पडू लागले की मोठी माणसे, त्यातही बहुधा स्वयंपाक करणारी व्यक्ती, गाजावाजा न करता आपला वाटा कमी करते आणि विचारल्यास भूक नव्हती असे सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अन्नाची असुरक्षितता मोजण्यासाठी आठ प्रश्नांची एक मापनपद्धती तयार केली आहे. तिच्यात अन्न पुरेल की नाही या चिंतेपासून सुरुवात होते, मग आहाराची गुणवत्ता आणि विविधता घटणे, जेवण चुकवणे, कमी खाणे, घरातील अन्न संपणे, भूक लागूनही न खाणे आणि अखेरीस पूर्ण दिवस उपाशी राहणे असे प्रश्न येतात. हा क्रम घरगुती वहीलाही उपयोगी आहे, कारण त्यावरून ओढाताण कुठवर पोचली हे कळते. पोट भरत असले तरी ताटातील प्रकार घटले असतील तर ती अडचणीची सुरुवात समजावी. रोज तेच ते खाणे ही घराची आवड आहे असे गृहीत धरू नये.

प्रकार घटले आहेत का, हे पाहण्यासाठी त्याच संघटनेने स्त्रियांच्या आहारासाठी वापरलेली दहा गटांची कसोटी घरात सहज लावता येते. धान्ये व कंद, कडधान्ये व डाळी, दाणे व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी रंगाच्या अ-जीवनसत्त्वयुक्त भाज्या व फळे, इतर भाज्या आणि इतर फळे हे ते गट होत. आदल्या चोवीस तासांत यांपैकी किमान पाच गट पोटात गेले का, एवढेच मोजायचे. ही कसोटी मूळची मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीसाठी आहे, त्यामुळे एखाद्या दिवशी चार भरले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र महिनाअखेरीस दररोज तीनच भरत असतील तर वहीने आपले काम केले असे समजावे.

वस्तूची खरी किंमत काढणे

दुकानातील किंमत आणि ताटात पडेपर्यंतची किंमत यांत बरेच अंतर असते. समजा, जवळच्या दुकानात एक वस्तू १०० ला मिळते आणि दूरच्या बाजारात तीच ८० ला मिळते. बाजारात जाण्या-येण्याचे भाडे ६० आहे. तीन वस्तू आणल्या तर वाचलेले ६० भाड्यात जातात आणि हिशेब बरोबरीत सुटतो. पाच आणल्या तर वस्तूंचे ४०० आणि भाड्याचे ६० मिळून ४६० होतात, म्हणजे ५०० च्या तुलनेत ४० वाचतात. पण त्या पाचांपैकी एक वापरण्याआधीच नासली, तर उरलेल्या चार वस्तू ११५ ला एक अशा पडतात आणि ज्याला आपण महाग म्हणत होतो ते जवळचे दुकानच स्वस्त ठरते. घाऊक खरेदीचा सल्ला देणारे हा नासाडीचा आकडा बहुधा सोडून देतात.

याच हिशेबात सोलून, निवडून टाकून द्यावा लागणारा भाग, शिजवण्याचे इंधन आणि लागणारा वेळ हेही धरावेत. सर्वच वस्तूंसाठी हे करण्याची गरज नाही. ज्या दहा-बारा वस्तूंवर सर्वाधिक पैसा जातो त्यांच्यापुरते केले तरी चित्र स्पष्ट होते.

पैशाची अडचण

उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावर खर्च होणारा हिस्सा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली दाखवून दिले. त्याचा घरगुती अर्थ असा की, ज्या घरात उत्पन्नाचा मोठा भाग आधीच अन्नावर जातो तिथे भाववाढ झाली किंवा अनपेक्षित खर्च आला की कात्री ताटालाच लागते. भाडे, हप्ते, शाळेची फी आणि विजेचे बिल यांना ठरलेली तारीख असते. जेवणाला तशी नसते आणि म्हणूनच ते सर्वांत आधी आक्रसते. यावर एकच उपाय नेटाने करता येतो: अन्नाच्या खर्चालाही बिलासारखी तारीख द्यावी. उत्पन्न आले की त्याच दिवशी धान्य, डाळी, तेल आणि मीठ यांची पूर्ण काळाची खरेदी करावी आणि ताज्या वस्तूंसाठीची रक्कम आठवड्यांच्या संख्येने भागून वेगवेगळी ठेवावी. शेवटच्या आठवड्याचे पाकीट पहिल्या आठवड्यात उघडायचे नाही, एवढा नियम पाळला तरी महिनाअखेरचे ताट बरेच सावरते.

पैसा कमी असला की माणसे लहान पुड्या घेतात आणि वजनाच्या हिशेबाने जास्त किंमत मोजतात. याला अव्यवहारीपणा म्हणणे अन्यायाचे आहे; एकदम मोठी रक्कम हातात नसते आणि साठवणीला उंदीर, ओल किंवा किडीपासून सुरक्षित जागाही नसते. शक्य असेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक मोठे पोते घ्यावे आणि वाटून न्यावे. मात्र त्यासाठी व्याजाने पैसे काढू नयेत, कारण बचतीपेक्षा व्याज अधिक भरण्याची शक्यता असते.

नव्या पदार्थाचा धोकाही पैशाचाच असतो. मुलांनी खाल्ले नाही तर ते जेवण वाया जाते आणि दुसरे करायला पैसे नसतात, म्हणून घर हमखास खपणाऱ्या पदार्थांकडे वळते. अशा वेळी अनोळखी वस्तू पूर्ण जेवण म्हणून न करता, ओळखीच्या पदार्थात मूठभर मिसळून आणावी. नापसंत ठरली तरी नुकसान मुठीएवढेच होते.

इंधन वाचवण्यासाठी कडधान्ये भिजवून शिजवणे आणि उकळी आल्यावर भांडे झाकून, गुंडाळून ठेवणे हे दोन्ही उपाय उत्तम आहेत. अपवाद राजम्याचा आहे. कच्च्या राजम्यात असलेले एक विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. म्हणून तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळावा. दहा मिनिटे ही त्यातली किमान वेळ. अर्धा तास उकळणे अधिक सुरक्षित असते. त्यानंतरच तो मंद आचेवर किंवा गुंडाळून ठेवावा.

प्रकृतीची अडचण

आजाराचा परिणाम दोन दिशांनी होतो आणि यातील एकीकडेच लक्ष दिले जाते. डॉक्टर काय खावे आणि काय टाळावे हे सांगतात. पण आजारामुळे काय आणता, चिरता, ढवळता आणि चावता येईल, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून कागदाचे दोन रकाने करावेत. पहिल्यात पथ्य लिहावे. दुसऱ्यात क्षमता लिहावी: किती वेळ उभे राहता येते, सुरी नीट धरता येते का, जड भांडे उचलता येते का, दात किंवा कवळी कशी आहे, वास सहन होतो का, सकाळी बरे वाटते की संध्याकाळी. दुसरा रकाना भरल्यावर बरेचदा असे दिसते की, पाळले जात नसलेले पथ्य हे दुर्लक्ष नसून अशक्य काम होते.

उभे राहणे कठीण असेल तर ओट्याजवळ उंच स्टूल ठेवावे आणि चिरण्याचे काम बसून, दिवसाच्या बऱ्या वेळी उरकावे. बोटे दुखत असतील तर गोठवलेल्या किंवा चिरून मिळणाऱ्या भाज्या घेण्यात कमीपणा मानू नये. गोठवलेल्या भाज्यांचे पोषण ताज्यांच्या जवळपास असते, आणि चार दिवस पडून राहिलेल्या ताज्या भाजीपेक्षा त्या उजव्याही ठरू शकतात. डबाबंद कडधान्ये वापरायची असतील तर त्यातील पाणी ओतून ती धुवून घ्यावीत, म्हणजे मीठ कमी होते. चावणे कठीण असेल तर केवळ पेज आणि चहा-बिस्किटांवर घसरण्याची भीती असते. त्याऐवजी अंडी, दही, मऊ शिजवलेल्या डाळी आणि कुस्करलेल्या भाज्या यांतून प्रथिने टिकवावीत. गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

नैराश्य किंवा दीर्घ थकवा असलेल्या घरात स्वयंपाकापेक्षाही "आज काय करायचे" हा प्रश्न जड होतो. तिथे विविधतेचा आग्रह सोडून वारांचे ठरलेले वेळापत्रक भिंतीवर लावावे, आणि बऱ्या दिवशी दुप्पट शिजवून अर्धे राखून ठेवावे. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ५ अंश सेल्सियसच्या खाली साठवावे आणि पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम इथे महत्त्वाचा ठरतो. भाताच्या बाबतीत तर विशेषच, कारण शिजवल्यानंतरही टिकणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढू लागतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. घरात फ्रीज नसेल किंवा वीज भरवशाची नसेल, तर दुप्पट शिजवण्याचा सल्ला गैरलागू समजावा आणि त्याऐवजी भिजवणे, निवडणे, चिरणे एवढीच पूर्वतयारी करून ठेवावी.

औषध आणि अन्न यांचा संबंध ओढाताणीच्या काळात धोकादायक होऊ शकतो. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवले तर साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या २००० ते २००८ या काळातील नोंदींच्या अभ्यासात, साखर उतरल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण कमी उत्पन्नाच्या लोकांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणून महिनाअखेरीस जेवण कमी पडते ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. ती सांगितली तर औषधाची मात्रा, वेळ किंवा प्रकार याविषयी ते वेगळा विचार करू शकतात. स्वतःहून औषध अर्धे करणे किंवा एक दिवसाआड घेणे टाळावे.

आणखी दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम बंदही करू नयेत आणि स्वस्त झाल्या म्हणून एकदम वाढवूही नयेत, कारण त्यांतील के जीवनसत्त्वाचे प्रमाण स्थिर राहणे महत्त्वाचे असते. दुसरे म्हणजे, मिठाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिठांमध्ये पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. मिठाची रोजची मर्यादा प्रौढांसाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे, आणि ती गाठण्याचा बिनखर्चाचा मार्ग म्हणजे पदार्थ कमी मिठाचा शिजवून ज्याला हवे त्याने ताटात थोडे घेणे. एकाच घरात दोन पथ्ये असतील तरी हीच रीत चालते: मूळ पदार्थ सौम्य ठेवावा, वेगळेपणा वाढताना आणावा. मधुमेहींसाठी म्हणून वेगळ्या वेष्टनात मिळणारे महाग पदार्थ मला बहुतेक वेळा अनावश्यक वाटतात. तोच पैसा डाळी आणि भाज्यांवर खर्च केलेला बरा.

ने-आण करण्याची अडचण

बाजार किती दूर आहे यापेक्षा हातात किती वजन पेलते आणि ते वजन किती पायऱ्या चढून न्यायचे आहे, हा प्रश्न जास्त खरा असतो. घरातील व्यक्ती त्रास न होता किती किलो उचलू शकते हे एकदा मोजून घ्यावे आणि खरेदीची यादी पैशाबरोबर वजनातही मांडावी. समजा, ती मर्यादा सहा किलो आहे. दोन लिटर दूध, दोन किलो बटाटे आणि एक लिटर तेल घेतले की पाच किलो संपतात आणि पालेभाज्या व फळे यांना किलोभराचीच जागा उरते. याच ठिकाणी सुमारे २५० ग्रॅम दूध पावडर घेतली तर तितकेच, दोन लिटर, दूध तयार होते आणि पिशवीत पावणेदोन किलोंहून अधिक जागा मोकळी होते. कडधान्ये शिजल्यावर दुपटीहून अधिक जड होतात, म्हणजे वाहून नेण्याच्या दृष्टीनेही ती किफायतशीर आहेत.

म्हणून जड आणि टिकाऊ वस्तू एका वेळी, कोणाच्या तरी वाहनातून किंवा घरपोच मागवून आणाव्यात. हलक्या आणि नाशवंत वस्तू लहान फेऱ्यांत, दवाखाना, शाळा किंवा कामावरून परतताना घ्याव्यात. घरपोच सेवेचे शुल्क वर सांगितलेल्या हिशेबात भाड्याच्या जागी घालून पाहावे. महिन्यातून एकदा ते परवडते, पण दर वेळी बहुधा परवडत नाही. दूध, मांस, मासे शेवटी घ्यावेत आणि उन्हाळ्यात प्रवास लांबत असेल तर ते पिशवीच्या मध्यभागी, गार वस्तूंच्या सोबत ठेवावेत. बाजाराची वेळ आणि वाहनाची वेळ जुळत नसेल तर त्या बाजाराचा भाव कितीही उतरलेला असला तरी तो आपल्यासाठी नाही असे समजून आखणी करावी.

साखळीतील पहिली कडी

वही, किंमत, क्षमता आणि वजन हे चारही कागद समोर ठेवल्यावर साखळी दिसू लागते. एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वयस्कर स्त्रीला गुडघ्यांमुळे जिने चढणे कठीण आहे. ती महिन्यातून दोनदाच खाली उतरते, म्हणून नासणारे काहीच आणत नाही; घरात टिकणारे, खारट आणि गोड पाकीटबंद पदार्थ साठतात; त्यातून रक्तदाब वाढतो, औषधे वाढतात, औषधांचा खर्च अन्नाच्या पैशातून जातो आणि पुढच्या महिन्यात पिशवीत त्याहून स्वस्त काहीतरी येते. तिला कमी मिठाचे व्याख्यान देऊन काही साधत नाही आणि थोडे पैसे दिले तरी त्यांची भाजी होत नाही. आठवड्यातून दोनदा शेजारच्या मुलाने भाजीची पिशवी वर आणून दिली, तर पैसे न वाढवताही बरेच काही बदलू शकते. दुसऱ्या एखाद्या घरात हीच लक्षणे दिसतील, पण पहिली कडी कर्जाच्या हप्त्याची असेल आणि तिथे पिशवी वर आणून देण्याचा उपयोग होणार नाही.

कडी ओळखण्यासाठी स्वतःला असे विचारावे की, उद्या पैसा दुप्पट झाला तर ताट बदलेल का. प्रकृती पूर्ववत झाली तर बदलेल का. बाजार दारात आला तर बदलेल का. ज्या प्रश्नाला सर्वांत ठाम "हो" मिळेल तिथून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करून पुढची दोन-तीन आठवड्यांची वही पाहावी.

दुसऱ्याच्या घराला मदत करताना प्रश्न विचारण्याची रीत सांभाळावी लागते. "तुम्हाला खायला पुरते का?" असे विचारले की उत्तर "हो, पुरते" असेच येते, कारण त्यात अब्रूचा प्रश्न असतो. त्याऐवजी मागच्या वेळी बाजारातून काय आणायचे राहिले, सामान वर कोण आणते, गोळ्या जेवणाआधी घेता की नंतर, असे कामाचे प्रश्न विचारावेत. अडचण त्यांच्या उत्तरांतून आपोआप पुढे येते. मदत देताना वस्तू आपण निवडण्यापेक्षा निवड त्यांच्यावर सोपवावी. आपल्या घरातील कोणते भांडे धड आहे, मूल काय खाते आणि किती दिवस काय टिकते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

उत्पन्नात बदल झाला, नवे औषध सुरू झाले, बसमार्ग बंद झाला किंवा घरात माणूस वाढला की जुनी आखणी तशीच रेटू नये. त्या आठवड्यापासून वही पुन्हा सुरू करावी आणि कमी कोण खात आहे, हा रकाना सर्वांत आधी भरावा.